वगळलेली नऊ वर्षं

९ मे

धाकट्या,

फोन मी मुद्दाम ठेवला. लाइन गेली नव्हती. तुझ्याशी फोनवर भांडायचं म्हणजे तू 'ताई, ऐक ना' म्हणतोस, मी गप्प बसून ऐकते आणि चार दिवसांनी 'मी असं म्हणालोच नव्हतो' हेही तूच मला ऐकवतोस. आता जे काय ते कागदावर. तुझं उत्तरही कागदावरच हवं, तुझ्या अक्षरात, खाली सही करून.

काल सकाळी तुझे दाजी बाहेरच्या खोल पाण्यातले सापळे उचलायला गेले. आठ रांगा, एकेका रांगेत तीस सापळे. पहिल्या सापळ्यात अकरा खेकडे, अकराही मेलेले. कुणी फोडलेले नाहीत, कुणी खाल्लेले नाहीत, पाय पोटाशी घेऊन नुसते पडलेले. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. पाचव्या रांगेनंतर त्यांनी मोजायचं सोडून दिलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं म्हणे, आणि इतकं गार की हातमोज्यांतून बोटं बधिर झाली.

इकडे मी दहा वाजता रोजच्यासारखा पंप चालू केला, हौदांतलं पाणी बदलायला. अर्ध्या तासात हौदातले खेकडे एकमेकांच्या पाठीवर चढून काठावर यायला लागले. नळीला लटकले, भिंतीला लटकले. पंधरा वर्षं मी हे हौदांचं आवार चालवतेय, पाण्याला घाबरून पळणारा खेकडा मी कधी बघितला नव्हता. मी आणि तीन बायकांनी हाताला लागतील तेवढे टोपल्यांत काढले आणि वर ओली पोती टाकली. जे टोपलीत, हवेवर राहिले, ते जगले. जे पाण्यात राहिले, ते मेले. शास्त्रज्ञसाहेब, हे मला समजावून सांगा.

आणि दुसरं सांगा. तीन वर्षांपूर्वी इथल्या सभागृहात स्टेजवर उभं राहून कोण बोललं होतं, की पुढच्या काळात वारा वाढणार, वारा वाढला की तळाचं पाणी वर येणार आणि त्या पाण्याबरोबर खाद्य येऊन बाहेरची खोल जागा आणखी श्रीमंत होणार? लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आपल्या घरचा मुलगा, म्हणून सगळ्यांत जास्त मी वाजवल्या होत्या. त्या भाषणावर आपल्या मच्छीमार संघटनेने किनाऱ्याजवळची उथळ जागा मालधक्क्याच्या कंपनीला सोडली. खोल पाण्यात भरभराट आहे, मग उथळ कशाला धरून बसायचं!

आता खोलात मढी आहेत आणि उथळात भराव पडणार आहे.

तुझी ताई


१६ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दाजींना आणि तुला किती मनस्ताप झाला असेल याची कल्पना आहे.

आधी काय घडलं ते सांगतो. किनाऱ्याला समांतर वारा जोरात वाहिला की वरचं पाणी समुद्राकडे ढकललं जातं. त्याची जागा भरायला खालून पाणी वर येतं. ते गार असतं आणि त्यात वरून बुडून कुजलेल्या सगळ्याचं खत असतं. तुमच्या पट्ट्यात मासळी आहे ती त्या खतामुळेच. पण हे पाणी बरीच वर्षं अंधारात फिरलेलं असतं. त्यातला प्राणवायू कुजण्यात खर्ची पडलेला असतो. ते फार खोलातून, फार जोरात वर आलं आणि तळाशी साचून राहिलं, तर तळावर राहणाऱ्या जिवांना श्वास मिळत नाही. खेकडा ओल्या हवेत कल्ल्यांनी तग धरतो, म्हणून टोपलीतले वाचले.

अशी एखादी घटना कुठल्याही वर्षी होऊ शकते. एका सकाळवरून हवामान बदललं असं म्हणता येत नाही. मी भाषणात 'शक्यता आहे' असा शब्द वापरला होता, तो कृपा करून विसरू नकोस. संघटनेला दिलेल्या अहवालातही तसंच आहे.

पंप चालू करण्याआधी पाण्याचं तापमान बघत जा. नेहमीपेक्षा तीन अंशांनी कमी असेल तर चालू करू नकोस. आणि एक विनंती. वर्तमानपत्रवाल्यांशी इतक्यात बोलू नका. अर्धवट माहितीने गैरसमज पसरतात. बाबांच्याही कानावर घालू नकोस, उगाच त्रास करून घेतील.

तुझा धाकटा


२५ मे

धाकट्या,

'शक्यता आहे.' डोक्यात तिडीक गेली. हे दोन शब्द तू स्टेजवर इतक्या हळू बोललास की तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचले नाहीत. आणि 'श्रीमंत' हा शब्द मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

बाबांच्या कानावर घालू नको म्हणतोस. मेलेल्या खेकड्यांचा वास तीन दिवस गल्लीभर होता. बाबांचं वय चौऱ्याहत्तर आहे, नाक शाबूत आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी संघटनेच्या कचेरीत जाऊन तुझा अहवाल मागितला. कपाटाच्या वर होता, कुणी उघडलेलासुद्धा नव्हता, पानं एकमेकांना चिकटलेली. तिथेच बाकावर बसून पहिल्या पानापासून वाचला. निम्मं कळलं नाही. मागे परिशिष्ट आहे, त्यात जुन्या धक्क्यावरच्या पाण्याच्या तापमानाचा तक्ता आहे. तो मात्र कळला, कारण ते आकडे मी लहानपणापासून ऐकत आलेय. रोज सकाळी सातला बाबा पितळी नळीतला थर्मामीटर दोराने धक्क्यावरून खाली सोडायचे आणि वहीत लिहायचे. एक वर्ष, एक वही. एकतीस वर्षांच्या एकतीस वह्या. तूच त्या खोक्यात भरून नेल्या होत्यास आणि दोन महिन्यांनी परत आणून दिल्या होत्यास.

तक्ता बाविसाव्या वर्षी संपतो. खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'यापुढील नऊ वर्षांच्या नोंदी निरीक्षकाच्या वाढत्या वयामुळे अविश्वासार्ह ठरवून वगळल्या आहेत.'

निरीक्षक!

मी घरी आले आणि माळ्यावरून त्या नऊ वह्या काढल्या. तू उघडल्या होत्यास का रे? वाऱ्याच्या महिन्यांत पाणी दर वर्षी थोडं थोडं गार होत गेलंय. समासात बाबांनी लिहिलंय: 'तळ दिसतो.' 'कुजका वास.' एका ठिकाणी, 'खेकडे धक्क्याच्या खांबांवर चढलेले, पाण्याबाहेर.' हे आठ वर्षांपूर्वीचं आहे, धाकट्या. जे मी ९ मेला तुला नवलाने लिहिलं, ते आठ वर्षांपूर्वी आपल्या बापाने वहीत लिहून ठेवलंय आणि ती वही तुझ्या टेबलावर दोन महिने पडून होती.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. बाबांनी धक्क्यावर जायचं सोडलं ते तीन वर्षांपूर्वी. गुडघा दुखतो म्हणाले, मी विश्वास ठेवला. आज सरळ विचारलं.

"बाबा, तुम्ही अहवाल वाचला होता?"

"वाचला होता. बंदर कचेरीतही एक प्रत आली होती."

"शेवटपर्यंत?"

"माझ्या वह्यांचं काय केलं ते मागेच असणार ना! म्हणून मागूनच वाचायला घेतला."

"मग त्याला काही बोलला का नाहीत?"

ते बूट पुसत होते, पुसतच राहिले. "तो शिकलेला आहे. त्याला तसं वाटलं असेल."

बस, एवढंच. वर मलाच म्हणाले, "तू त्याला काही लिहू नकोस, तिकडे एकटा असतो." तुम्ही दोघं एकमेकांची काळजी घेत बसा. मी घेणार नाही.

मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. ती ओळ कुणी लिहिली?

ताई


१ जून

ताई,

विचारतेसच तर ऐक. ती ओळ माझी नाही. अहवालावर पाच जणांची नावं आहेत. परिशिष्ट आमच्या मुख्य संशोधकांनी तपासलं आणि टीप त्यांनी घातली. मी त्यावर हरकत घेतली नाही, एवढाच काय तो माझा गुन्हा.

आणि हरकत का घ्यावी? तुला वाटतं शास्त्र म्हणजे बाबांची वही. सगळा समुद्र वरून तापतोय. उपग्रह ते सांगतो, बोटींवरची यंत्रं सांगतात, आमची गणितं सांगतात. आणि त्यात एका धक्क्यावरचा एक पासष्टीचा माणूस म्हणतो की पाणी गार होतंय. तू असतीस तर काय केलं असतंस? वडील आहेत म्हणून ठेवले असते आकडे? उद्या लोक म्हणाले असते, घरचे आकडे घुसडले. मी तिथे मुलगा म्हणून बसलो नव्हतो.

आणखी एक. उथळ जागा सोडायच्या ठरावावर मी हात वर केला नव्हता. माझं मत तिथे नाही. तुझं आहे. सभेच्या कागदांवर तुझी सही आहे, मी बघितलीय. सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडायच्या आधी तेवढं आठव.

धाकटा


१२ जून

धाकट्या,

हो. हात वर केला. माझीच सही आहे. तुझं पत्र आल्यापासून रोज ते आठवतेय, अजूनही आठवेन. माझ्या शेजारी बसलेल्या जाळी विणणाऱ्या काकू 'आपण जरा थांबू या' म्हणत होत्या आणि मी त्यांना म्हणाले होते, "काकू, माझा भाऊ सांगतोय." आता काकूंसमोरून जाताना मी रस्ता बदलते. माझं मी बघते. तुझं तू बघ.

आता बातमी. जवळच्या खोल पाण्यात काही उरलं नाही म्हणून तुझे दाजी आणखी दोन तास पुढे जायला लागले होते. शुक्रवारी वारा वाढला. पाणी तसंच बर्फासारखं. सापळ्याचा दोर ओढायच्या चाकावर चढवताना त्यांचा उजवा हात दोरात अडकला. बोटं इतकी बधिर होती की अडकलाय हेच त्यांना कळलं नाही. जोडीदाराने ओरडून चाक थांबवलं तोवर दोन बोटं गेली होती. करंगळी आणि शेजारचं.

दवाखान्यात मला काय म्हणाले माहितीये? "दुखलं नाही गं, काहीच कळलं नाही." मला समजवायला म्हणाले. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि तुला इतक्या शिव्या दिल्या की खाली उभा असलेला वॉर्डबॉय दुसऱ्या जिन्याने गेला.

बोटं तू कापलीस असं मी म्हणत नाही. दोर आहे, वारा आहे, समुद्र आहे. पण त्या माणसाला तितक्या लांब कोण घेऊन गेलं, याचा हिशेब माझ्या डोक्यात चालूच असतो आणि प्रत्येक वेळी वाट तुझ्या त्या स्टेजवरून जाते. आणि माझ्या वर केलेल्या हातावरून.

२७ जूनला सुनावणी आहे. जिल्ह्याच्या अधिकारी येणार आहेत. उथळ जागेत भराव टाकायला शेवटची परवानगी द्यायची की नाही, ते त्या दिवशी ठरेल. कंपनीच्या वकिलाच्या हातात एकच कागद आहे, तुझा अहवाल. तू ये. त्याच सभागृहात, त्याच स्टेजवर. नऊ वर्षं वगळली होती हे सांग. एवढंच मागणं माझं. आलास तर जेवायला घालीन, बोलेनच असं नाही.

ताई


१३ जून

चिरंजीवास,

तुझ्या ताईने काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण पाकीट चिकटवताना तिने टेबलावर जी थाप मारली त्यावरून अंदाज आला. म्हणून हे चार शब्द.

मला वाईट वाटलं नाही असं मी तिला सांगितलं. ते खोटं आहे. वाईट वाटलं, आणि रागही आला. तीन वर्षं आला. मी रागावलो की गप्प बसतो, ही माझी खोड तुला माहीत आहे. तिचा तू फायदा घेतलास असं म्हणत नाही, पण तुला ती सोयीची पडली.

तू आकडे नाकारलेस याचा राग नाही. आकडे नाकारायचेच असतात, त्याशिवाय खरे कुठले ते कळत नाहीत. नोंदींच्या पंचविसाव्या वर्षी पाणी फार गार दिसायला लागलं तेव्हा पहिली शंका मी माझ्यावरच घेतली. वाटलं, डोळे गेले. नवा थर्मामीटर आणला. दोन वर्षं जुना आणि नवा एकाच दोराला बांधून खाली सोडला. जुना मी वाचायचो. नवा बंदर कचेरीतली कारकून मुलगी वाचायची, माझा आकडा न बघता. तिचे डोळे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. दोघांच्या आकड्यांत कधी पाव अंशापेक्षा जास्त फरक पडला नाही. हे सगळं पंचविसाव्या आणि सव्विसाव्या वहीच्या शेवटच्या पानांवर आहे, तिच्या सहीसकट.

तू शेवटची पानं उलटली नाहीस. ठीक आहे, घाईत असशील. पण मी जिवंत होतो. घरात फोन होता. 'बाबा, पाणी गार का लिहिलंत?' एवढं विचारायला काय झालं होतं? 

गुडघा बरा आहे. सोमवारपासून पुन्हा धक्क्यावर जातो.

बाबा


१९ जून

बाबा आणि ताई,

दोघांना एकच पत्र लिहितोय, कारण दोनदा लिहायचं धाडस होणार नाही.

ती ओळ माझी आहे. मुख्य संशोधकांनी ती बघितलीसुद्धा नव्हती. ताईला १ जूनला खोटं लिहिलं.

बाबांचं पत्र आलं त्या दिवशी दारं लावून बसलो. वह्यांच्या पानांचे फोटो माझ्याकडे होते, सगळ्या पानांचे. शेवटच्या पानांचेसुद्धा. उघडून बघितले नव्हते. आता बघितले. त्या मुलीच्या सह्या बघितल्या. एकशे चार आठवडे, दर आठवड्याला एक सही.

का केलं ते सांगतो, ते कारण म्हणून नाही. ती नऊ वर्षं घातली की माझा आलेख मोडत होता. वरचं पाणी तापतंय आणि वारा वाढल्याने खत वर येतंय, अशी छान सरळ गोष्ट माझ्याकडे तयार होती. ऐकणाऱ्याला आवडेल अशी. बाबांचे आकडे त्यात बसेनात. आणि ते आकडे घेऊन पुन्हा पहिल्यापासून विचार करायला मला एक वर्ष लागलं असतं. अहवाल दोन आठवड्यांत द्यायचा होता. 'वयामुळे' हा शब्द लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. आता कुणी विचारणार नाही, असं वाटलं होतं.

गेल्या तीन दिवसांत ती वर्षं घालून सगळं पुन्हा मांडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. वाऱ्याचे महिने सोडून बाकी वर्षभर वरचं पाणी तापतंय आणि झाकणासारखं बसून राहतंय, त्यामुळे खालचं खत वर यायला अडतं. आणि वाऱ्याच्या महिन्यांत, जमीन समुद्राहून जास्त तापत चालल्यामुळे, वारा पूर्वीपेक्षा जोराने सुटतो, ते झाकण उचकटतो आणि पूर्वीपेक्षा खोलातलं पाणी ओढून काढतो. त्या पाण्यात खत आहे, पण हवा नाही. शिवाय समुद्रभर तळाच्या पाण्यातली हवा दशकानुदशकं कमी होतेय. म्हणजे वारा वाढणार हे मी बरोबर सांगितलं होतं. त्याने तुम्ही श्रीमंत व्हाल, हे चूक होतं. अशा दिवसांत खेकड्यांना जगायला एकच जागा उरते. लाटांनी घुसळलेलं किनाऱ्याजवळचं उथळ पाणी. जे तुम्ही माझ्या सांगण्यावरून सोडलंत.

दाजींना काय लिहू ते सुचत नाही.

आज आमच्या संस्थेला अहवाल मागे घ्यायचं पत्र दिलं. सुनावणीत बोलायला मनाई आहे असं मला लेखी कळवलंय. मी २७ला पहाटेच्या बसने येतोय.

धाकटा


४ जुलै

धाकट्या,

आलास, बोललास, आणि मागच्या दाराने पळालास! एवढा मोठा घोडा झालास तरी पळायची सवय गेली नाही. अकरा मिनिटं बोललास, मी घड्याळ लावून बसले होते. 'चूक माझी आहे' हे या वेळी मागच्या भिंतीपर्यंत पोचलं, तेवढं मान्य. मग मागून कुणीतरी 'आमच्या पोटावर पाय देऊन आता माफी!' म्हणून ओरडलं आणि बघते तर स्टेज रिकामं. ओरडणारच ना! तुला काय हार घालणार होते? उभं राहून ऐकायचं होतंस.

पुढे काय झालं ते तू बघितलं नाहीस, म्हणून सांगते.

कंपनीचा वकील उठला. म्हणाला, हे गृहस्थ स्वतःच कबूल करताहेत की ते निष्काळजी आहेत, मग यांच्या आजच्या बोलण्यावर तरी विश्वास का ठेवायचा? मुद्दा बिनतोड होता. मग म्हणाला, आणि त्या वह्या एका म्हाताऱ्या माणसाच्या आहेत, ज्यांची नजर अधू आहे हे त्यांच्या मुलानेच लिहून दिलंय.

अधिकारी बाईंनी विचारलं, "निरीक्षक इथे आहेत का?"

बाबा उठले. चार वह्या काखेत होत्या. काठी माझ्याकडे देऊन, काठीशिवाय पुढे गेले.

वकिलाने हातातला कागद लांबून दाखवला. "आजोबा, यावर काय लिहिलंय?"

"इथून दिसत नाही."

वकील सभेकडे बघून हसला. बाबा म्हणाले, "तुम्हाला दिसतं का? तिथून माझ्या वहीत काय लिहिलंय ते वाचा बरं."

लोक हसले. वकील म्हणाला, "जवळून तरी वाचता का?"

"वाचतो. भिंग लागतं. भिंग लावून वाचायला मनाई आहे का?" आणि त्यांनी खिशातून भिंग काढलं, त्याचा कागद त्याच्याच हातातून घेतला आणि सगळ्यात खालची बारीक ओळ मोठ्याने वाचली. ती उथळ जागा सोडताना आम्ही सह्या केलेल्या कंपनीच्याच करारातली होती: भरावामुळे आजूबाजूच्या मासेमारीला काही नुकसान झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही. संपूर्ण वाचली, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत.

सभागृहात जो गोंधळ उठला तो तू ऐकायला हवा होतास. जाळीवाल्या काकू खुर्चीवर चढल्या. खरोखर चढल्या. म्हणाल्या, "ही ओळ आम्हाला सही करताना कुणी वाचून दाखवली होती का?" कुणी दाखवली नव्हती. मी खाली मान घालून बसले, कारण सही करणाऱ्यांत मी होते. मग मान वर केली आणि उठून तेच म्हणाले. माईकवर. मी न वाचता सही केली, माझ्यावर विश्वास ठेवून बाकीच्यांनी केली, आणि ती सही मी मागे घेते. काकू खुर्चीवरूनच माझ्याकडे बघत होत्या. खाली उतरताना आधाराला त्यांनी माझाच खांदा धरला.

ती कारकून मुलगीही आली होती. आता दोन मुलांची आई आहे. तिने आपल्या सह्या ओळखल्या.

निकाल असा की भरावाला एक वर्ष स्थगिती. त्या वर्षात पाण्याचं तापमान आणि प्राणवायू रोज मोजायचा, कंपनीच्या नाही आणि तुझ्या संस्थेच्याही नाही अशा माणसांनी. पण धक्क्यालगतचा जो तुकडा आधीच बुजवलाय, तो गेला तो गेला. तिथले शेवाळाचे खडक आता सिमेंटखाली आहेत. लोक जिंकलो म्हणून ओरडत बाहेर पडले. मला ओरडवेना.

घरी आलो तर दाजी डाव्या हाताने कांदा चिरत होते. "आला होता ना धाकटा? जेवायला का नाही आणलंस?" म्हणाले. सात माणसांचा स्वयंपाक करून ठेवला होता. ते अन्न आम्ही दोन दिवस खाल्लं, आणि प्रत्येक घासाला मी तुला नावं ठेवली.

ताई


२० जुलै

ताई,

पळालो. ओरडण्याला घाबरून नाही. बाबा पहिल्या रांगेत बसले होते आणि मी 'वय' हा शब्द उच्चारला तेव्हा त्यांनी खाली बघितलं. त्यानंतर मला तिथे उभं राहता येईना. बस थांब्यावर तीन तास बसलो होतो. दोन बस सोडल्या. परत यावं असं वाटत होतं, पण उठलो नाही.

संस्थेने मला कामावरून काढलंय. त्यांचं बरोबर आहे, मनाई मोडली होती. मुख्य संशोधकांनी मात्र अहवाल मागे घेतला आणि मागे घेण्याच्या पत्राखाली स्वतःचंही नाव घातलं. मला म्हणाले, "मी वाचायला हवं होतं."

दाजींना वेगळं पत्र पाठवलंय. त्यांनी फाडलं तरी चालेल.

एक विचारायचं आहे. ते रोजचं मोजमाप करायला माणसं लागतील. प्राणवायू मोजायचं यंत्र मला चालवता येतं, दुरुस्तही करता येतं. माझ्या नावाला तिथे आता किंमत नाही, हे कळतं. नावाशिवाय करीन. नोंद दुसऱ्या कुणीतरी लिहावी, सही दुसऱ्याने करावी. मी फक्त यंत्र सांभाळीन. मी आलो तर चालेल का? तुला, दाजींना, बाबांना. लोकांना.

तू अजून रागावलेली आहेस का, हे विचारणं मूर्खपणाचं आहे. तरी विचारतो.

धाकटा


२९ जुलै

धाकट्या,

सगळ्यांना विचारलं. बाबा म्हणाले, "येऊ दे, यंत्राला माणूस लागतोच." दाजींनी तुझं पत्र फाडलं नाही. डाव्या हाताने लिहायला शिकताहेत, सराव म्हणून तुला उत्तर लिहायला घेतलंय. चार दिवसांत दोन ओळी झाल्यात आणि दुसरी ओळ वाचण्यासारखी नाही. संघटनेत विचारलं तेव्हा बरीच बाचाबाची झाली. दोघं उठून गेले. काकू म्हणाल्या, "येऊ दे त्याला. इथे असला म्हणजे रोज तोंडावर बोलता तरी येईल." मग ठरलं.

आता माझ्या अटी. पाहुणा म्हणून यायचं नाही. मागच्या खोलीत राहायचं, तिथे पोती आहेत, ती तू हलवायचीस. दाजींच्या जागी बोटीवर मी जाते हल्ली, म्हणून सकाळी हौदांचं पाणी तू बघायचंस. पहिले सहा महिने कुणाला काहीही समजावून सांगायचं नाही. कुणी विचारलं, पुढच्या वर्षी काय होईल, तर 'माहीत नाही' म्हणायचं. तुला जमणार नाही, पण शीक. आणि लोक ओरडतील तेव्हा जागचं हलायचं नाही.

खोल पाणी अजून तसंच आहे. परवा पुन्हा दोन रांगा मेलेल्या निघाल्या. या वेळी मी स्वतः ओढून काढल्या, स्वतः रिकाम्या केल्या. एक वर्षाने काय ठरेल कुणास ठाऊक. मोजून झाल्यावर समुद्र बरा होणार नाही, तेवढं मलाही कळतं. पण निदान काय होतंय ते या वेळी कुणी झाकणार नाही.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हो, आहे. राग सकाळी बोटीवर असतो, जेवताना असतो, तुझं नाव निघालं की जास्त असतो. तो लवकर जाईलसं दिसत नाही, आणि तो जायची वाट बघत तू तिकडे बसू नकोस. सोमवारची बस सव्वादहाला पोचते. मी घ्यायला येणार नाही, बोटीवर असेन. दार उघडं असेल.

ताई